मजा आणि धडा एकाच कृतीत: घरशिक्षणाची साधने निवडताना

आमच्या दोन्ही मुलांना सुरुवातीची काही वर्षे घरीच शिकवायचे, असे मी आणि माझ्या पत्नीने विचारपूर्वक ठरवले, तेव्हा थोरली पाच वर्षांची होत आली होती आणि धाकट्याला नुकतेच तिसरे लागले होते. निर्णय घेताना ज्या शंका मनात होत्या, त्यांची उत्तरे वाचून आणि याच वाटेने जाणाऱ्या इतर पालकांशी बोलून मिळत गेली. परंतु प्रत्यक्ष कामाला लागल्यावर रोज समोर उभा राहणारा प्रश्न फार साधा होता, तो म्हणजे मुलांच्या हातात काय द्यायचे. ‘खेळता खेळता शिका’ असे छापलेल्या वस्तूंना काही तोटा नाही. मात्र खोक्यावरचे वय, कौशल्यांची यादी आणि हसऱ्या मुलाचे चित्र पाहून आतली वस्तू मुलाला खरोखर काही शिकवील की नाही, हे कळत नाही. ती पारख आम्ही कशी करत गेलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

साधने पाहायला सुरुवात करण्यापूर्वी आम्ही एक वही केली आणि मुले आपणहून, कोणीही न सांगता, कशात रमतात हे काही आठवडे तीत टिपून ठेवले. हे काम मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे ‘या वयात काय यायला हवे’ या प्रश्नाआधी ‘हे मूल सध्या कशाच्या मागे लागले आहे’ हा प्रश्न आला. धाकट्याच्या पानांवर एकच गोष्ट वारंवार दिसत होती: डब्यांची आणि बरण्यांची झाकणे काढायची, सगळी एकत्र करायची आणि मग कोणते कशावर बसते ते लावून पाहायचे. झाकण बसले नाही की तो ते फिरवून पाही, उलटे करून पाही, आणि मग खाली ठेवून दुसरे उचली. थोरलीच्या पानांवर मोजणे होते. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, पुस्तकाची पाने, समोर येईल ते ती मोजत असे. मात्र एकोणतीसच्या पुढे काय, यापाशी तिची गाडी नेहमी अडत असे.

धाकट्याच्या झाकणांच्या नादाला साजेसे साधन शोधताना आम्ही मारिया मॉन्टेसरी यांच्या दट्ट्यांच्या ठोकळ्यापर्यंत पोहोचलो. 1907 मध्ये रोममध्ये त्यांनी पहिले ‘बालगृह’ (लहान मुलांची शाळा) सुरू केले आणि तेथील मुलांच्या निरीक्षणातून ज्या साधनांना आकार दिला, त्यांतील हे एक. लांबट लाकडी ठोकळ्यात दहा खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात नेमका बसणारा, वर धरायला घुंडी असलेला एकेक दट्ट्या असतो. एखादा दट्ट्या भलत्याच खळग्यात गेला, तर शेवटी एक दट्ट्या आणि एक खळगा असे उरतात की त्यांचे एकमेकांशी जमत नाही, आणि काहीतरी चुकले आहे हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. घरी शिकवणाऱ्यासाठी या गुणाचे मोल फार मोठे आहे. शाळेतून आलेले मूल घरी येऊन आईबाबांच्या कुशीत शिरू शकते. घरशिक्षणात मात्र कुशीत घेणारा आणि ‘असे नाही, असे’ म्हणणारा माणूस एकच असतो. चूक दाखवण्याचे काम साधनाने आपल्याकडे घेतले, तर पालकाला शेजारी बसून नुसते पाहता येते. म्हणून कोणतीही वस्तू हातात घेतली की ‘चुकले तर मुलाला कसे कळेल?’ हे मी सर्वांत आधी पाहतो.

मॉन्टेसरींचाच गुलाबी मनोरा आणखी एका बाबतीत डोळे उघडणारा ठरला. त्यात दहा घन असतात, सर्वांत लहानाची बाजू 1 सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची 10 सेंटिमीटर, आणि सगळ्यांचा रंग एकच. याउलट, एकावर एक रचण्याच्या बहुतेक खेळण्यांत प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा असतो. ती दिसायला अधिक आकर्षक असतात हे खरे, पण मूल लाल, मग निळा, मग पिवळा असा क्रम पाठ करूनही ती रचू शकते आणि आकाराकडे पाहण्याची गरजच उरत नाही. एका वेळी एकच गुण बदलावा आणि बाकी सारे तसेच राहावे, ही शिस्त ज्या साधनात असते, तेथे मुलाची नजर आपोआप नेमक्या जागी जाते.

याच सुमारास एका परिचितांकडून बॅटरीवर चालणारे आकड्यांचे एक खेळणे काही दिवसांसाठी घरी आले. आकडा ऐकायचा आणि त्याचे बटण दाबायचे. बरोबर आले की टाळ्या आणि गाणे, चुकले की एक घसरत जाणारा गमतीदार आवाज. थोरलीने पहिल्या दिवशी ते मन लावून खेळले. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम चुकीची बटणे दाबू लागली, कारण चुकल्यावर येणारा आवाज तिला गाण्यापेक्षा अधिक आवडला होता, आणि धाकटा शेजारी बसून दर वेळी खदखदून हसत होता. मुलीने यात काहीही वावगे केले नव्हते. त्या वस्तूतील सर्वांत मजेदार भाग तिने अचूक हेरला होता. मजा आवाजात होती आणि आकडा पूर्ण वगळला तरी ती पुरेपूर मिळत होती. तेव्हापासून प्रत्येक साधनासमोर आम्ही एक प्रश्न ठेवू लागलो: यातून शिकण्याचा भाग काढून टाकला, तर मजा उरते का? उरत असेल, तर मूल आज ना उद्या ती आडवाट शोधणारच, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. ज्या साधनात धडा काढला की खेळच मोडतो, ते साधन आमच्या कामाचे. (घरात निखळ मौजेची खेळणीही भरपूर आहेत आणि त्यांना आम्ही हा प्रश्न कधीच विचारत नाही, ती शिक्षणाच्या नावाने आलेलीच नाहीत.)

या कसोटीला संशोधनाचाही आधार आहे, हे वाचल्यावर मला फार बरे वाटले. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना सरळ रेषेत घरे असलेला एक अगदी साधा पट दिला होता. काही मुलांच्या पटावरील घरांत 1 ते 10 आकडे होते, तर काहींच्या पटावर नुसते रंग होते. फिरवायच्या चकतीवर 1 किंवा 2 येई, आणि सोंगटी पुढे नेताना मुलाने घरातला आकडा किंवा रंग मोठ्याने म्हणायचा असे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांनंतर आकड्यांचा पट खेळलेल्या मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढली आणि ती 9 आठवड्यांनंतरही टिकून होती. रंगांचा पट खेळलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. दोन्ही खेळांतली चुरस सारखीच होती. फरक इतकाच की पहिल्यात पुढे सरकणे आणि आकडा म्हणणे ही एकच कृती होती. आम्ही पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर तसाच पट आखला आणि त्यातील बारकावाही पाळला: सोंगटी 3 वर असताना 2 पडले, तर ‘एक, दोन’ न म्हणता ‘चार, पाच’ म्हणायचे. ही एवढीशी अट खेळाचा जीव आहे. ती सुटली, की मूल प्रत्येक वेळी पुन्हा एकपासून मोजते आणि पटावरचे आकडे नुसती नक्षी बनून राहतात.

संख्यांच्या साधनांत माझे सर्वांत अधिक मन बसले ते क्विझनेर कांड्यांवर. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी तयार केलेल्या आणि पुढे केलेब गात्तेनो यांनी जगभर नेलेल्या या कांड्या 1 ते 10 सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि प्रत्येक लांबीला ठरलेला रंग असतो: पांढरी 1 ची, लाल 2 ची, पिवळी 5 ची, नारिंगी 10 ची. वर म्हटलेल्या एकरंगी शिस्तीशी हे विसंगत वाटेल, पण येथे रंग लांबीच्या जागी येत नाही. तो लांबीला हाक मारायला एक नाव देतो. कांड्यांवर आकडे नसतात, खुणाही नसतात, आणि त्यांची सारी ताकद मला त्या कोरेपणातच दिसते. सेंटिमीटरच्या रेघा कोरलेल्या कांड्याही मिळतात, पण रेघा दिसल्या की मूल पुन्हा एकेक करून मोजायला लागते.

थोरलीने सुरुवातीला त्यांची घरे आणि कुंपणे केली, आणि आम्ही तिला मुळीच अडवले नाही. एका दुपारी तिने नारिंगी कांडी आडवी ठेवली आणि तिच्याखाली तेवढ्याच लांबीची जोडी बसवायचा प्रयत्न सुरू केला. पिवळीखाली पिवळी लगेच जमली. मग काळी उचलली, तिच्यापुढे लाल लावली, थोडी जागा उरली. लाल काढून फिकी हिरवी लावली आणि बोट फिरवून दोन्हींची टोके जुळली का ते पाहिले. एकामागून एक ओळी भरत गेल्या आणि अखेरीस निळी-पांढरी, तपकिरी-लाल, काळी-फिकी हिरवी, गडद हिरवी-जांभळी अशी सगळी कुटुंबे एकाखाली एक उभी राहिली. “बाबा, ही वाढते तशी ती कमी होते,” ती म्हणाली. दहाच्या जोड्या तिला तोवर कोणी सांगितल्या नव्हत्या आणि त्या दिवशीही मी सांगितल्या नाहीत. तिने आकड्यांचे नाव न घेता त्या बोटांनी ओळखल्या होत्या. कांड्यांना आकडे पुढे आपोआप चिकटले.

एकोणतीसपाशी अडणारी गाडी मात्र वेगळ्या साधनाने हलली. आपल्या मराठी आकड्यांची नावे लहान मुलाला अवघड जातात, यात मुलांच्या बुद्धीचा प्रश्न नाही. 45 लिहिताना 4 आधी येतो, पण पंचेचाळीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो. आणि एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकाकडे पाहतात. ज्या भाषांत वीस-एक, वीस-दोन अशा क्रमाने आकडे म्हटले जातात, त्यांच्यासाठी बनवलेली साधने ही अडचण गृहीतच धरत नाहीत. आम्ही लाकडी काड्या घेतल्या आणि दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधले. दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर असताना आणखी एक काडी हातात येते, तिसरा गठ्ठा बांधला जातो आणि तीस पूर्ण होतात. हे तिच्या हातांनी पुन्हापुन्हा केल्यावर एकोणतीस हा शब्द तिला अडवेनासा झाला. जोडीला एकावर एक ठेवायची आकड्यांचे पत्ते होते: 40 चा लांब पत्ता, त्यातील शून्यावर 5 चा आखूड पत्ता. काड्या, रबर, पुठ्ठा आणि कात्री एवढ्यावर दोन्ही साधने तयार झाली.

वाचनाच्या साधनांनी आमचा सर्वाधिक वेळ घेतला. मराठीतून शिकवणाऱ्या पालकांसाठी हा भाग मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. इंग्रजीच्या ध्वनिपद्धतीची (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीची) साधने उत्तम आणि मुबलक आहेत, पण त्यांचा साचा जसाच्या तसा देवनागरीला बसत नाही, कारण आपल्याकडे व्यंजनातच ‘अ’ सामावलेला असतो आणि बाकीचे स्वर चिन्हांच्या रूपाने वर, खाली, पुढे, मागे येऊन बसतात. देवनागरीचे तयार संच पाहताना आम्ही तीन गोष्टी तपासू लागलो. ‘ळ’ आहे का, हे पहिले. हिंदीसाठी बनवलेल्या संचांत तो नसतो, आणि त्याच्याविना मराठी मुलाला बाळ, फळा, डोळा हे अगदी जवळचे शब्द लिहिता येत नाहीत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हे दुसरे, कारण पुस्तकात एक आकार आणि पत्त्यावर दुसरा आकार पाहून नवशिके मूल उगाच गोंधळते. तिसरे म्हणजे स्वरचिन्हे सुटी मिळतात का. ‘क कमळाचा’ छापाच्या तक्त्यांत ती जवळजवळ कधीच नसतात. तेथे मूल चित्र ओळखते, ‘क कमळाचा’ म्हणते, आणि चित्र झाकले की अक्षरापाशी थबकते. येथेही मघाचाच प्रश्न लागू पडतो: मजा चित्रात आहे आणि अक्षर बाजूला उभे आहे.

शेवटी संच आम्ही घरीच केला. मूळाक्षरे जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर, सर्वांची शिरोरेषा एकाच उंचीवर, म्हणजे तुकडे शेजारी ठेवले की शब्दाची रेघ सलग दिसते. सुरुवात ‘ग, म, भ, न’ या जुन्या वाटेनेच केली, कारण त्यांचे आकार एकमेकांतून उमलतात आणि एवढ्या चार अक्षरांतही मन, नग, नभ, गगन असे खरे शब्द होतात. काना, वेलांट्या, उकार, मात्रा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर काढल्या, जेणेकरून पट्टी अक्षरावर ठेवली की खालचे अक्षर दिसत राहील. ह्रस्व वेलांटीची पट्टी थोरलीने दर वेळी अक्षराच्या उजवीकडे ठेवली, आणि ऐकणाऱ्या कानाला तेच योग्य आहे, कारण ‘मि’ म्हणताना ‘म’ आधी आणि ‘इ’ नंतर येते. तेव्हा माझ्या पत्नीने ती पट्टी नव्याने, रुंद कापून केली: डावीकडे उभी रेघ, वर अक्षरावरून जाणारी कमान, आणि खाली अक्षराएवढी मोकळी जागा. आता पट्टी एकाच रीतीने बसते आणि आपण अक्षराला कवेत घेतो आहोत असे मुलीला दिसते. उजवीकडे ठेवली तर कमान रिकाम्या जागेवर जाते आणि चूक तिची तिलाच कळते. गिरवण्यासाठी केलेली खरखरीत कागदाची अक्षरेही अशीच घरची आहेत. ती दोन बोटांनी, लिहिण्याच्या दिशेनेच गिरवायची, एवढे मात्र पाहावे लागते.

घरी बनवलेल्या साधनांविषयी काही पालकांच्या मनात कमीपणाची भावना असते, ती मला अनाठायी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरींच्या विचारांना आसपास सहज सापडणाऱ्या शंख-शिंपल्यांची, पानाफुलांची, बियांची जोड दिली, आणि त्यामुळे ते विचार कुठेही उणे झाले नाहीत. तरीही जेथे मापाची अचूकता हाच धडा असतो, तेथे सुताराचे काम हवेच. कांड्या, दट्ट्यांचा ठोकळा आणि लाकडी ठोकळे आम्ही तयार घेतले. ठोकळ्यांत जाडी, रुंदी आणि लांबी यांचे 1:2:4 हे प्रमाण पाळले आहे का, ते पट्टी लावून पाहिले. अमेरिकी शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी घडवलेल्या ठोकळ्यांचे हे प्रमाण जेथे पाळलेले असते, तेथे दोन अर्धे ठोकळे मिळून एक पूर्ण ठोकळा होतो आणि अपूर्णांकाची पायाभरणी मुलाच्या हातून न बोलता होते.

छापील सराव-पाने आम्ही फार थोडी घेतली. ‘3 लिहिलेल्या जागा हिरव्या करा’ यांसारख्या पानांत रंगवणे हीच मौज असते. पडद्यावरच्या साधनांनाही तोच प्रश्न विचारला आणि बहुतेक तेथेच गळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला बसून पाहण्याचा पडद्याचा वेळ एक तासाहून अधिक नसावा आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. आम्ही धाकट्यासाठी तो जवळजवळ ठेवलाच नाही. गोष्टींची ध्वनिमुद्रणे मात्र दोघेही मन लावून ऐकतात.

दोन वयांची मुले एकाच खोलीत शिकत असतील, तर सुरक्षिततेचा विचार निवडीतच करावा लागतो, आणि ही बाब मी फार गांभीर्याने घेतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावता कामा नयेत, असा दंडक आहे. घरी आम्ही कागदाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरतो. ती थोडी अधिक रुंद असल्याने परीक्षा अधिक कडक होते आणि ते बरेच आहे. क्विझनेरच्या पांढऱ्या कांड्या या परीक्षेत अर्थातच नापास होतात, म्हणून तो डबा वरच्या फळीवर असतो आणि धाकटा झोपल्यावरच खाली येतो. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे शक्तिशाली लोहचुंबक असलेली वस्तू मात्र आम्ही कोणाच्याच हातात देत नाही. गिळलेली बॅटरी दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते आणि गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या पदरांमधून एकमेकांना ओढून धरतात. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे न पाहता कोणतीही वस्तू घरात येऊ देऊ नये.

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती वाचनालयातून किंवा दुसऱ्या कुटुंबाकडून काही दिवस आणायची, हा नियम आम्ही शक्यतो पाळतो. पहिल्या दिवशीच्या उत्साहावरून काहीच ठरवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मूल ती वस्तू आपणहून काढते का, आणि काढल्यावर सांगितलेल्या पलीकडचे काही करून पाहते का, यावर आमचा निर्णय होतो. खालच्या उघड्या फळीवर मोजकीच साधने ठेवतो, प्रत्येकाला स्वतंत्र तबक, आणि एखादे साधन बरेच दिवस हलले नाही की ते आत ठेवून दुसरे बाहेर काढतो. आत ठेवलेले साधन काही महिन्यांनी परत आले, की पुष्कळदा मूल त्याच्याशी अगदी निराळ्या पातळीवर खेळते. धाकट्याने दट्टे परत आले तेव्हा ते डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून बसवले. चित्रांच्या पुस्तकांची पारख आम्ही दोघे मोठ्याने वाचून करतो. उद्या पुन्हा वाचावेसे आपल्याला वाटत नसेल, तर ते पुस्तक मुलांसाठीही परत जाते.

सध्या तराजूची निवड चालू आहे. ‘कोणते जड?’ यावरून दोघांचे वाद होतात आणि दोन्ही हातांत वस्तू घेऊन निकाल लावण्याचा प्रयत्न चालतो, तेव्हा त्याची वेळ झाली आहे हे उघड आहे. आकडा दाखवणारा वजनकाटा मला नको आहे, कारण आकडा उमटला की वाद तेथेच मिटतो. दोन पारड्यांचा तराजू आधी अंदाज करायला लावतो आणि मग तो अंदाज सर्वांसमोर खरा किंवा खोटा ठरवतो. रिकामी पारडी समपातळीत राहतात का, एका बटणाच्या फरकानेही दांडी झुकते का आणि पारडी निघतात का, हे आम्ही पाहत आहोत. थोरलीने आपली एक अट घातली आहे: धाकट्याचा चेंडू पारड्यात मावला पाहिजे. तिने पट्टीने चेंडूची रुंदी मोजून दिली आहे आणि पाहिलेल्यांपैकी एकाही तराजूचे पारडे तेवढे मोठे निघाले नाही, त्यामुळे शोध अजून चालू आहे.